वर्षाच्या आत घरात हसू

पत्र

प्रिय मावशी,

वेंगुर्ले तालुक्यातल्या किनाऱ्याकडच्या एका गावातून लिहिते आहे. शिमग्यानंतर आठच दिवसांनी आई गेली. बाबा ७४ वर्षांचे आहेत, पोस्टमन म्हणून निवृत्त झाले. शिरोडा, आरवली, मोचेमाड या बाजूच्या वाड्यांमधून त्यांनी आयुष्यभर टपाल वाटलं. वाचनाचं फार वेड. संध्याकाळी आईला वाचून दाखवायचे. ती चुलीपाशी आणि हे उंबऱ्यावर, असं मी लहानपणापासून बघत आले. आता चार महिने झाले, त्यांनी पुस्तक हातात धरलेलं नाही. पडवीत बसून पागोळ्यांकडे बघत राहतात. विचारलं तर उत्तर देतात, आपणहून बोलत नाहीत. जेवतात, झोपतात. डॉक्टरांना दाखवलं, तब्येत ठीक आहे म्हणाले.

गेल्या आठवड्यात मी फडताळातलं पु. लं.चं पुस्तक काढून दोन पानं मोठ्याने वाचली. एका ठिकाणी बाबा हसले, अगदी थोडं. मग एकदम उठून मागीलदारी गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारची काकी, आईची मैत्रीण, ओटीवर होती. ती म्हणाली, अजून वर्ष व्हायचंय, घरातून हसण्याचा आवाज बरा दिसत नाही. मुंबईला भावाला फोन केला तर तो म्हणाला, दासबोध वाचून दाखव, ‘टवाळा आवडे विनोद’ हे समर्थांनीच सांगून ठेवलंय.

बाबांना हलकंफुलकं वाचून दाखवू की नको? दाखवायचं तर काय? मी शाळेत शिकवते, पण पुस्तकांतलं मला बाबांएवढं कळत नाही. मला तू म्हणा.

बाबांची मुलगी

उत्तर

बाबांच्या मुली,

वाच. वर्ष व्हायची वाट बघू नकोस. उद्या दुपारच्या चहानंतर वाच.

बाबा उठून मागीलदारी गेले म्हणून तुला तुझं चुकलं असं वाटलं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला वेगळंच वाटलं. तुमच्या घरात इतकी वर्षं वाचणारे बाबा होते आणि ऐकणारी आई. त्या दिवशी तू वाचत होतीस आणि ते ऐकत होते. म्हणजे ते आयुष्यात पहिल्यांदा आईच्या जागेवर बसले. तिथे हसू आलं, आणि हसणारी ती नाही, आपण आहोत, हे त्यांना एकदम कळलं असणार. माणूस अशा वेळी मागीलदारी जाणार नाही तर काय करील? त्यांना जाऊ दे. परत आल्यावर काही विचारू नकोस, पुढचं पान वाच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझे वडील गेले त्या वर्षीच्या पावसाळ्यात मी रत्नागिरीला आईजवळ महिनाभर राहिले होते. आई मूळची तिथलीच. एका संध्याकाळी तिला मी ‘अंतू बर्वा’ वाचून दाखवत होते. गावात वीज येणार म्हटल्यावर, त्या उजेडात बघायचं ते आपलं दारिद्र्यच ना, असं म्हणणारा तो म्हातारा. आई वालाचं बिरडं सोलता सोलता हसत होती. मग शेवटचा भाग आला. बायको गेली त्याला बारा वर्षं झाली आणि तेव्हापासून दारचा हापूस मोहरला नाही, हे अंतूशेट सांगतात तो. आईने हात वर केला, म्हणाली, “थांब.” मी पुस्तक मिटलं. दिवा लावला, जेवणं झाली, कोणी काही बोललं नाही. मी रात्रभर स्वतःला दोष देत होते, तुझ्यासारखाच. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला ती स्वतः येऊन बसली आणि म्हणाली, “काल कुठे राहिलं होतं?”

पु. ल. देशपांडे रत्नागिरीचे जावई. १२ जून १९४६ या दिवशी त्यांचं आणि सुनीताबाईंचं लग्न रत्नागिरीत झालं, आणि २००० साली पु. ल. गेले तेही १२ जूनलाच. या सासुरवाडीने त्यांना कोकणी माणसाचं बोलणं दिलं असं मला नेहमी वाटतं. ज्या पुस्तकाला १९६५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला ते ‘व्यक्ती आणि वल्ली’ म्हणजे गावोगावच्या साध्या माणसांची रांग आहे. लग्नघरात राबणारा नारायण, पोरांना घडवण्यात आयुष्य घालवणारे चितळे मास्तर, पुस्तकी भाषेत बोलणारा सखाराम गटणे. ‘अंतू बर्वा’त मोहर न आलेला आंबा काही वेगळं प्रकरण म्हणून येत नाही. तो त्याच पडवीत येतो जिथे मघाशी सगळे हसत होते. म्हणून काकींना जे खटकलं ते मला कळतं, पण पटत नाही. या लेखकांचं हसू दुःखाच्या घरात चप्पल बाहेर काढून येतं. त्याला आत घ्यायला हरकत नाही.

तरीही तू पहिलं पुस्तक पु. लं.चं घेऊ नकोस. ते बाबांनी आईला वाचून दाखवलेलं असणार. त्यातल्या कुठल्या वाक्याला ती हसायची, कुठे तिचा हात थांबायचा, हे सगळं त्यांना पाठ असणार. तुला कळणारही नाही कुठलं वाक्य कुठे जाऊन लागलं. ते नंतर, आणि त्यांनी मागितलं तर.

सुरुवात जयवंत दळवींपासून कर. ‘सारे प्रवासी घडीचे’ आण. फडताळात असेलही, नसेल तर तालुक्याच्या वाचनालयात नक्की मिळेल, आमच्या वाचनालयात तर ते कधी कपाटात टिकलं नाही. मी ३१ वर्षं पुस्तकं देण्याघेण्याच्या खिडकीत बसले आहे, आणि परत करताना माणसाचा चेहरा कसा असतो यावरून पुस्तकाची पारख करायला शिकले आहे. हे पुस्तक परत करताना लोक खिडकीशी दोन मिनिटं रेंगाळायचे. “आमच्या वाडीत पण असा एक होता” एवढं सांगून मगच जायचे.

दळवी आरवलीचे. १९२५ साली जन्मले, १९९४ साली गेले. ‘चक्र’सारखी झोपडपट्टीवरची कादंबरी लिहिणारा, ‘ललित’ मासिकात ठणठणपाळ या नावाने मराठी साहित्यिकांची गंमत करणारा हा लेखक मुंबईत राहिला, पण गाव त्याच्या अंगातून कधी गेलं नाही. ‘सारे प्रवासी घडीचे’मध्ये गावात वाढलेला एक मुलगा आपल्या आसपासची माणसं सांगत जातो. कोणी हेकट, कोणी भाबडा, कोणी कर्जात बुडालेला, कोणी नुसताच बडबड्या. ती माणसं चांगली की वाईट हे ठरवायला तो थांबत नाही. सांगताना गंमत येते, आणि एकेक माणूस निघून जातो तसं घशाशी काहीतरी येतं. नावातच ते आहे.

आता विचार कर. ही पुस्तकातली माणसं ज्या मातीतली, त्याच मातीत तुझ्या बाबांनी टपाल वाटलं. आरवलीच्या वेतोबाला भक्त मोठाल्या चपला वाहतात आणि रात्री गावभर फिरून त्या झिजतात अशी लोकांची श्रद्धा आहे. बाबांच्या चपला दिवसाउजेडी झिजल्या, त्याच वाटांवर. मुंबईच्या गिरणीतून आलेली मनीऑर्डर कुठल्या म्हातारीच्या हातात पडली आणि तिने अंगठा उठवताना काय म्हटलं, हे लेखकाला ऐकीव माहीत असेल, बाबांनी ते बघितलेलं आहे. कोकणातल्या पोस्टमनने नुसतं पत्र टाकलं आणि निघाला असं कधी झालं नाही. पत्र वाचून दाखवायचं तोच, उत्तर लिहायचं तोच, आणि वाईट बातमी असली तर आधी पाणी मागून घ्यायचं, घरच्यांना बसवायचं आणि मग पत्र उघडायचं, हेही त्यानेच. असा माणूस चार महिने गप्प आहे, याचा अर्थ त्याच्याकडे सांगायला काही उरलेलं नाही असा मुळीच होत नाही. सांगायचं कोणाला, हा त्यांचा प्रश्न असणार.

म्हणून वाचताना एक कर. दहा पानांच्या पुढे जाऊ नकोस, आणि चुकीचं वाचायला घाबरू नकोस. एखाद्या वाडीचं नाव, एखादा मालवणी शब्द तुझ्या शाळेतल्या प्रमाण भाषेच्या सवयीने वेडावाकडा उच्चारला जाईल. जाऊ दे. कधीतरी पडवीतून आवाज येईल, “तसा नाय गो ता.” ज्या क्षणी तो आवाज येईल त्या क्षणी पुस्तक मिटायचं. मिटायचं म्हणजे खरोखर मिटून मांडीवर ठेवायचं. प्रकरण अर्धं राहिलं तरी चालेल, लेखक रागावत नाही. ‘तसा नाय’ तर कसा, हे ऐकायचं. आपल्याकडे याला गजाली म्हणतात आणि गजालीला पहिलं वाक्य कोणीतरी दुसऱ्याने चुकीचं बोलावं लागतं. मी खिडकीत बसून हे शेकडो वेळा पाहिलं आहे. “हे पुस्तक चांगलं आहे का हो?” असं विचारलं की लोक हो म्हणून जातात. “यात म्हणे मासळी बाजाराचं वर्णन अगदी बरोबर आहे” असं म्हटलं की थांबतात, पिशवी खाली ठेवतात आणि बरोबर काय ते सांगू लागतात.

एक सावधगिरी. दळवींचंच म्हणून ‘संध्याछाया’ हातात घेऊ नकोस. नाटक मोठं आहे, पण मुलं दूर गेलेल्या म्हाताऱ्या जोडप्याची ती गोष्ट आत्ता तुमच्या घरात नको. वाचनालयात ही दोन्ही पुस्तकं एका फळीवर शेजारी शेजारी असतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

बाबा बोलू लागले की तुला मोबाईलवर ते रेकॉर्ड करावंसं वाटेल. त्यांना विचारल्याशिवाय करू नकोस, आणि पहिल्या पंधरा दिवसांत तर विचारूही नकोस. रात्री आठवेल तेवढं वहीत लिहून ठेव. तू शिक्षिका आहेस, तुला सवय आहे.

दळवी संपले की चिंतामण विनायक जोशींकडे वळ. १८९२ ते १९६३ हा त्यांचा काळ, बडोद्याला पालीचे प्राध्यापक. दिवसा बौद्ध ग्रंथ शिकवायचे आणि लिहायचे ते चिमणराव नावाच्या बिचाऱ्या कारकुनाच्या संसारावर. बायको काऊ, मोरू आणि मैना ही मुलं आणि प्रत्येक गोष्टीत धडपडून मदतीला येणारा दांडगा गुंड्याभाऊ. १९७०च्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ, तेव्हा मुंबईला एकाच टीव्हीपुढे अख्खी चाळ जमायची. चि. विं.ची भाषा आज थोडी जुनी वाटेल, पण बाबांना ती अडणार नाही.

इथे मात्र डोळे उघडे ठेव. चिमणरावाच्या गोष्टी नवराबायकोच्या रोजच्या कुरबुरींनी भरलेल्या आहेत. खरेदीला जायचं की नाही, पाहुणे आले तर कोणी काय करायचं, पैसे कोणी खर्च केले. माझा अनुभव असा की, जोडीदार गेलेल्या माणसाला मृत्यूवरचं गंभीर वाक्य फारसं लागत नाही, तिथे तो तयारीनेच बसलेला असतो. त्याला लागतं ते चहात साखर कमी पडल्याचं भांडण. हे टाळायलाच हवं असं मी म्हणत नाही. त्यांना पुन्हा उठून जावंसं वाटलं तर वाट मोकळी ठेव एवढंच. बसायची जागा दाराशी असू दे, कोपऱ्यात अडकवू नकोस.

आता काकींच्या बोलण्याकडे येते, कारण मला वाटतं ते तुला भावाच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ तू पाठ्यपुस्तकात धड्यापुरती वाचली असशील. आता पूर्ण वाच, आधी एकटीने. १८६८ साली जन्मलेली ही बाई. माहेरचं नाव मनकर्णिका. अकराव्या वर्षी लग्न झालं ते नारायण वामन टिळकांशी. टिळकांचा जन्म आपल्या कोकणातलाच, करजगावचा. शाळेचं तोंड लक्ष्मीबाईंनी पाहिलं नव्हतं, अक्षरओळख झाली ती नवऱ्याकडून. तो नवरा कसा? कवी, तापट, उदार, आज इथे तर उद्या तिथे, घरातलं कधी कोणाला देऊन टाकील सांगता येणार नाही असा. १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा बाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग बाई परत त्यांच्याकडे गेल्या आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९१९ साली टिळक गेले. हे सगळं झाल्यावर, वैधव्याच्या काळात, बाईंनी आठवणी सांगितल्या. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत त्या छापून आल्या. शेवटचा भाग येईपर्यंत त्याही गेल्या होत्या.

आणि त्या आठवणी कशा आहेत? हसून पुरेवाट होते. वडिलांचं ते टोकाचं सोवळं, सासरची तऱ्हा, टिळकांचे हट्ट आणि त्यांचे रुसवेफुगवे, स्वतःच्या फजित्या, सगळं बाई अशा सांगतात की जणू तांदूळ निवडता निवडता शेजारणीला सांगताहेत. कुठेही कोणावर सूड नाही. एवढं सोसलेल्या बाईला सूड घेणं किती सोपं होतं! नवऱ्याच्या विक्षिप्तपणाची गंमत सांगत असतानाच वाचणाऱ्याला कळत जातं की तिला त्याची किती आठवण येते आहे. मराठीतल्या साध्या, हसऱ्या लिखाणात मला या पुस्तकाच्या वर काहीच ठेवता येत नाही, पु. लं.नाही नाही, आणि पु. ल. माझे प्राण आहेत.

ती विधवा बाई गेलेल्या माणसाबद्दल हसत हसत बोलली म्हणून तिचं प्रेम कमी झालं असं कोणी म्हटलेलं नाही. काकींना हे वाद घालून सांगू नकोस. त्यांना बोलवून घे. पत्रात तू लिहिलंस की त्या आईची मैत्रीण. म्हणजे माणूस त्यांचंही गेलंय. तुझ्याकडे सांत्वनाला लोक आले, त्यांच्याकडे कोणी गेलं का? मैत्रिणीच्या दुःखाला आपल्याकडे सुतकही नसतं. वाचायच्या वेळी त्यांना म्हण, काकी, फणसाच्या आठळ्या सोलायच्या आहेत, एकटीने होत नाही. हातात काम असलं की बाई दोन तास बसते आणि तिला बसल्याचा संकोच वाटत नाही. ‘स्मृतिचित्रे’ त्या दिवशी वाच. आणि कधीतरी काकीच म्हणतील, तुझी आई यावर काय म्हणाली असती माहीत आहे का. बाबांसमोर आईचं नाव साध्या गोष्टीत, रडण्याबाहेर, कोणीतरी पहिल्यांदा घेईल. तू घेतलंस तर त्यांना तुझी काळजी वाटेल. काकींनी घेतलं तर नाही वाटणार.

भावाचं म्हणणं टाकून देऊ नकोस. तो लांब आहे आणि त्यालाही काहीतरी करायचं आहे. ‘टवाळा आवडे विनोद’ ही ओवी दासबोधातलीच, खरी आहे. विनोदी लिहिणाऱ्यांच्या डोक्यात ती कायम घातली जाते. पण ज्याने ती लिहिली त्यानेच त्याच ग्रंथात दुसऱ्या दशकाच्या सुरुवातीला मूर्खलक्षणांचा समास लिहून ठेवला आहे. तो बाबांना वाचून दाखव. एकेक लक्षण वाच आणि थांब. वाड्यावाड्यांत इतकी वर्षं फिरलेला माणूस प्रत्येक लक्षणाला एक नाव सांगेल बघ, आणि चारपाच लक्षणं झाल्यावर “हे माझं” असंही म्हणेल. माझे आजोबा म्हणायचे. समर्थांनी माणूस फार जवळून, फार बारकाईने पाहिला होता, आणि इतकं जवळून पाहिलं की ओठांवर हसू येतंच. चवथीला भाऊ येईल तेव्हा त्यालाच हा समास वाचायला सांग. घरात वाचणारा दुसरा आवाज झाला तर बाबांना बरं वाटेल.

बाकी पुस्तकांबद्दल थोडक्यात. द. मा. मिरासदारांच्या कथा मला जीव की प्राण, पण त्या देशावरच्या गावरान इरसालपणाच्या आहेत, खो खो हसवणाऱ्या. त्या दिवाळीनंतर घे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ मात्र कधीही वाच. हसू त्यात कमी आहे, पण पावसाने झोडपलेल्या आपल्या माणसाला पाण्यावाचून तडफडणाऱ्या मुलखातली माणसं आपलीच वाटतात, यात काहीतरी मोठं आहे. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला लंपन नावाचा मुलगा तू तुझ्यासाठी आण. ‘वनवास’पासून सुरू कर. दिवसभर शाळा, संध्याकाळी बाबा, तुझं स्वतःचं रडणं तू कुठे ठेवलं आहेस ते पत्रात कुठे दिसलं नाही.

पु. लं.च्या आवाजातली कथाकथनं मोबाईलवर मिळतात, तुझे सहकारी तेच सुचवतील. माझं मत असं की, ज्या दिवशी तू दमली असशील त्या दिवशी लाव. त्या आवाजापुढे आपण सगळेच श्रोते होऊन गप्प बसतो, आणि तुझ्या घरात गप्प बसणं आधीच पुष्कळ झालं आहे. तू अडखळत वाचलेलं बाबांना जास्त उपयोगी आहे.

व्हॉट्सअॅपवर येणारे नवराबायकोचे, गावंढळ माणसाचे, जाड्या बाईचे विनोद कोणी त्यांना दाखवायला आलं तर मात्र तू मध्ये पड. त्यात माणूस खाली पाडून वर उभं राहायचं असतं. बाबांनी आयुष्यभर लोकांच्या उंबऱ्याशी खाली बसून पत्रं वाचून दाखवली. त्यांना तसल्या हसण्याची सवय नाही, ती आता लावू नये.

अजून दोन व्यवहारातल्या गोष्टी. डोळे तपासून घे. ७४ व्या वर्षी पुस्तक हातात न धरण्यामागे मोतीबिंदूही असू शकतो, आणि पुरुष माणूस हे सांगत नाही. तब्येत ठीक असल्याचं डॉक्टर म्हणाले हे बरं झालं, पण जेवण कमी झालं, झोप उडाली किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलले, तर पुस्तकांवर भिस्त ठेवू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने.

आणि तू कुठे बसतेस? बाबा उंबऱ्यावर बसून वाचायचे असं लिहिलं आहेस. तू त्या उंबऱ्यावर बसू नकोस. ती जागा त्यांची आहे आणि त्यांना ती परत हवी होईल. तू पडवीच्या पायरीवर बस, पाऊस अंगावर येणार नाही इतपत आत. एखाद्या दिवशी तू चूल पेटवायला आत गेलीस आणि पुस्तक पायरीवर उघडं राहिलं, तर ते मिटायला बाहेर येऊ नकोस. आतूनच हाक मार, बाबा, कुठवर आलो होतो आपण, आणि थांब.

पहिल्या दहा पानांनंतर मला कळव. ते हसले की नाही ते नको सांगूस. ‘तसा नाय’ कुठल्या वाक्याला म्हणाले ते लिही, आणि खरं काय झालं होतं तेही. मलाही ऐकायचं आहे.

तुझी,
मावशी